काँक्रीटच्या वाटेचे झिजलेले सांधे (दुरुस्ती)

फुटपाथ, सोसायटीचं कंपाउंड किंवा गेटपासून पार्किंगपर्यंतच्या काँक्रीटमध्ये मुद्दाम ठेवलेल्या फटी म्हणजे सांधे, बोलताना सरसकट जॉइंट. त्यातलं भरण सुकलं, निघालं की ते काढून नवं भरणं म्हणजे ही दुरुस्ती.

सांधे ठेवायला नक्की कुठे सुरुवात झाली यावर एकमत नाही. ओहायोतल्या बेलफाउंटनचा १८९१ चा रस्ता जगातला पहिला काँक्रीट रस्ता म्हणून बऱ्याच ठिकाणी सांगतात, पण स्कॉटलंडमध्ये इन्व्हर्नेसला १८६५ च्या सुमारास असा रस्ता झाल्याच्या नोंदी आहेत, त्यामुळे बेलफाउंटनला अमेरिकेतला पहिला म्हणणंच जास्त बरोबर. तो रस्ता साधारण ५ फुटी चौकोनांत ओतला होता आणि चौकोनांत ओतलं की मधली रेघ आपोआप सांधा होते, म्हणजे सांधा आधी ओतायच्या सोयीसाठी आला आणि आकसण्याचा हिशोब मागून, असं मानायला जागा आहे.

काँक्रीट वाळताना आकसतं, नंतर उन्हात फुगतं. १० मीटर लांबीत ३० अंशांच्या फरकाला साधारण ३ मिमी हालचाल होते, आणि ती सांध्यालाच पेलायची असते. म्हणून सांध्यात सिमेंटचा माल भरणं ही सगळ्यात मोठी चूक, थंडीत तो एका कडेने केसाएवढा सुटतो, पावसाचं पाणी तिथूनच खाली जातं, खालची माती वाहते.

आधी जुनं डांबर, माती, गवताची मुळं खरवडायची, तारेचा ब्रश मारायचा, हवेने धूळ उडवायची, फट पूर्ण कोरडी हवी. मग बॅकर रॉड म्हणजे फोमची गोल दोरी दाबून बसवायची, फटीपेक्षा पाव पटीने जास्त जाड, म्हणजे १२ मिमीच्या फटीला १५ मिमीची. वर सीलंट म्हणजे फट बुजवणारा लवचिक माल, फटीच्या रुंदीच्या निम्म्या खोलीचा, म्हणजे ६ मिमी. दोरीचं खरं काम सीलंट तळाला चिकटू न देणं हे आहे, कारण दोन्ही कडांसोबत तळालाही चिकटलं तर त्याला ताणायला वाव राहत नाही आणि ते मधोमध फाटतं. सीलंट काँक्रीटपेक्षा थोडं खालीच ठेवावं, नाहीतर काँक्रीट फुगल्यावर ते वर येतं आणि टायर ते ओढतो.

डांबर स्वस्त, पण उन्हाळ्यात चपलेला लागतं. गाड्या जातात तिथे पॉलियुरेथेन किंवा पॉलिसल्फाइडचं सीलंट बरं. आपल्याकडे दिवाळीनंतर सगळं नीट वाळलं की हे काम काढावं. एक स्लॅब खचून शेजारच्यापेक्षा खाली गेला असेल तर आधी खालची भर नीट करून घ्यावी लागते, नुसता सांधा भरून स्लॅब खचायचा थांबत नाही.