यूएपीए लागला की उपचाराचा हक्क संपतो का?

मानवी हक्कांचे खटले लढणाऱ्या वकिलाला यूएपीए या दहशतवादविरोधी कायद्याखाली अटक झाली की एक मजकूर हमखास फिरतो : ‘यूएपीएच्या कैद्याला उपचाराचा हक्क नसतो, मिळेल ती मेहेरबानी.’

इथे दोन गोष्टींची गल्लत होते. यूएपीएचं कलम ४३-ड(५) जामीन अवघड करतं, हे खरं. पण ते जामिनापुरतंच आहे, उपचारांबद्दल त्यात अवाक्षर नाही. संविधानाचं कलम २१, म्हणजे जगण्याचा हक्क, कैद्यालाही लागू असतं आणि उपचार त्यातच येतात.

पडताळायचं तर १८९४ च्या तुरुंग कायद्याचं कलम ३८ वाचा (काही राज्यांनी आता स्वतःचा कायदा केला आहे, तिथे तो पाहा). औषधं आणि डॉक्टर स्वतः किंवा आपल्या देखरेखीखाली करतात त्या गोष्टी सोडून त्यांची प्रत्येक सूचना, उदाहरणार्थ पथ्य किंवा बाहेरच्या रुग्णालयात तपासणी, कैद्याच्या नोंदपत्रात रोजच्या रोज चढवायची. ती पाळली की नाही, हे तुरुंगाधिकाऱ्याने तारखेसह लिहायचं. गाडं बहुतेकदा इथेच अडतं: डॉक्टर तपासणी लिहून देतात, बंदोबस्ताला पोलीस मिळत नाहीत, तारीख हुकते.

म्हणून न्यायालयातल्या अर्जात नुसतं ‘उपचार द्या’ म्हणू नये. ‘दिले’ एवढंच उत्तर येतं. जुनी प्रिस्क्रिप्शनं जोडावीत, हुकलेली तारीख लिहावी आणि नोंदपत्राची प्रत मागावी.