सांघिक फिगर स्केटिंग : पात्रता-नियम आणि त्यांची न्याय्यता

पुरुष एकेरी, महिला एकेरी, जोडी आणि आइस डान्स या चार प्रकारांतील गुणांची बेरीज करून देशांचा क्रम लावणाऱ्या स्पर्धेत कोणत्या देशांना प्रवेश मिळावा, हे ठरवणारे नियम व त्यांविषयीचे वाद. सोळा जणांचा संघ एकाच वेळी बर्फावर उतरतो ते सिंक्रोनाइज्ड स्केटिंग हा निराळा खेळप्रकार असून त्याचा येथे विचार केलेला नाही.

या स्पर्धाप्रकाराचा आरंभ कोठून धरावा, याबाबत एकवाक्यता नाही. २००६ पासूनची जपान ओपन ही जपान, युरोप व उत्तर अमेरिका अशा तीन संघांची स्पर्धा काही जण पूर्वरूप मानतात. परंतु तीत केवळ एकेरीचे स्केटर असत आणि प्रवेश निमंत्रणाने मिळे. चारही प्रकार व गुणांवर आधारलेली पात्रता ही दोन्ही लक्षणे आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटनेच्या (आयएसयू) वर्ल्ड टीम ट्रॉफीत प्रथम एकत्र दिसतात. त्यामुळे २००९ ची टोकियोतील स्पर्धा हाच आरंभ मानणे अधिक सयुक्तिक वाटते. ऑलिंपिकमधील सांघिक स्पर्धेला एप्रिल २०११ मध्ये मान्यता मिळाली आणि ती २०१४ मध्ये सोची येथे प्रथम झाली.

वर्ल्ड टीम ट्रॉफीत हंगामातील निकालांवरून सहा देश निवडले जातात. संघ आठ जणांचा असतो : दोन पुरुष, दोन महिला, एक जोडी व एक नृत्यजोडी. एकेरीत बारा जणांना १२ ते १ असे गुण मिळतात, तर जोडी व आइस डान्समध्ये सहांना १२ ते ७. एका फेरीत संघाला मिळू शकणाऱ्या कमाल ७० गुणांपैकी ४६ एकेरीचे असतात. शिवाय शेवटच्या जोडीलाही ७ गुण मिळत असल्याने जोडीतील पहिल्या व शेवटच्या संघात फक्त पाच गुणांचे अंतर पडते. पुरुष एकेरीत तेच २३ व ३, म्हणजे वीस गुणांचे पडू शकते. दुबळी जोडी असलेला देश येथे सहज तरून जातो.

ऑलिंपिकमध्ये दहा संघ असतात आणि शॉर्ट प्रोग्रॅमच्या (पहिल्या, छोट्या सादरीकरणाच्या) टप्प्यात प्रत्येक प्रकाराला १० ते १ असे सारखेच गुण मिळतात. हा टप्पा संपल्यावर पहिले पाच संघ पुढे फ्री स्केटिंगच्या (मोठ्या सादरीकरणाच्या) टप्प्यात जातात. पात्रतेसाठी आधीच्या वर्षीची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा आणि ऑलिंपिक हंगामातील ग्रांप्री स्पर्धा (निमंत्रितांची स्पर्धामालिका) यांतील गुण प्रकारवार जोडले जातात. चारपैकी किमान तीन प्रकारांत वैयक्तिक पात्रता असावी लागते. उरलेल्या प्रकारासाठी मर्यादित जादा जागा दिल्या जातात, मात्र त्या खेळाडूने किमान तांत्रिक गुणांची अट पूर्ण केलेली असावी लागते. असा खेळाडू फक्त सांघिक स्पर्धेत उतरतो. २०१८ मध्ये इस्राएलची महिला एकेरीतील जागा अशीच भरली गेली. ग्रांप्रीचा अंतिम सामना डिसेंबरात होत असल्याने तयारीला दोन महिनेच उरतात.

या पद्धतीत एखाद्या प्रकारातील शिखर गाठण्यापेक्षा चारही प्रकारांतील पसारा मोलाचा ठरतो. २०१३ ची जगज्जेती किम यु-ना हिचा दक्षिण कोरिया आणि सोचीत कांस्य जिंकणाऱ्या डेनिस तेनचा कझाकस्तान हे २०१४ च्या सांघिक स्पर्धेत नव्हते. दोनदा जगज्जेता ठरलेल्या हाविएर फर्नांडेझचा स्पेन २०१८ मध्ये नव्हता. हा अन्याय म्हणता येत नाही, कारण स्पर्धा मुळात देशाच्या समतोल बळाची आहे.

खरा दोष गुण कोठून मिळतात यात आहे. ग्रांप्रीत प्रवेश खुला नसतो. प्रत्येक स्पर्धेत एकेरीत १२, जोडीत ८ व आइस डान्समध्ये १० इतक्याच जागा असतात आणि एका खेळाडूला हंगामात जास्तीत जास्त दोन साखळी स्पर्धा मिळतात. निमंत्रणे मुख्यतः आधीच्या जागतिक स्पर्धेतील क्रमावरून व मानांकनावरून जातात. म्हणजे मार्चमध्ये होणाऱ्या जागतिक स्पर्धेतील एकच निकाल प्रथम थेट आणि नंतर निमंत्रणाच्या रूपाने असा दोनदा मोजला जातो. जागतिक स्पर्धेत शॉर्ट प्रोग्रॅममध्ये पडून एकेरीच्या पहिल्या चोवीसांबाहेर गेलेल्या खेळाडूच्या देशाला दोन्हीकडे फटका बसतो. यजमान देशाला आपल्या पसंतीचे प्रत्येक प्रकारात तीनपर्यंत खेळाडू उतरवता येतात. अमेरिका, कॅनडा, फ्रान्स, जपान व चीन हे नेहमीचे यजमान असल्याने गुण मिळवण्याची वाढीव संधी त्यांच्याकडेच राहते. दरवर्षी सर्वांना खुल्या असलेल्या जागतिक स्पर्धेचे वजन वाढवणे, हा सुचवल्या जाणाऱ्या उपायांतील सर्वांत साधा व बळकट उपाय दिसतो.

गुण देशाच्या नावे जमा होतात, खेळाडूच्या नाही. त्यामुळे एकाने मिळवलेल्या पात्रतेवर दुसरा खेळू शकतो. दोन टप्प्यांदरम्यान दोन प्रकारांत बदल करण्याची मुभाही आहे. पण एखाद्या प्रकारात एकाहून अधिक खेळाडू पात्र असलेल्या देशालाच तिचा उपयोग होतो, एकच असलेल्याला नाही. २०२२ मध्ये बीजिंगला कोविड चाचणीमुळे जर्मनीला जोडीविना आणि युक्रेनला पुरुष एकेरीविना उतरावे लागले व ते अनुक्रमे नववे व दहावे आले.

नागरिकत्वाची गुंतागुंत वेगळीच आहे. आयएसयूच्या स्पर्धांत जोडीतील एकजण त्या देशाचा नागरिक असला तरी चालते, ऑलिंपिकमध्ये दोघेही असावे लागतात. डीआना स्टेलाटो-ड्यूडेक मूळची अमेरिकन. मॅक्सिम देशाँसह कॅनडाकडून ती २०२४ मध्ये जगज्जेती झाली तेव्हा तिच्याकडे कॅनडाचे नागरिकत्व नव्हते, ते डिसेंबर २०२४ मध्ये मिळाले. अशा जोडीच्या कामगिरीवर देशाने गुण मिळवावेत आणि प्रत्यक्षात तिला पाठवता येऊ नये, ही शक्यता नियमांत कायम आहे.