दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ: कण्याचं गणित आणि झेंडूचा रंग

दिवाळी अंकाचं कव्हर छापखान्यात एकाच आडव्या आर्ट कार्डावर छापलं जातं. डावीकडे मलपृष्ठ, मधे कणा (पानं बांधलेली अंकाची जाड कड), उजवीकडे मुखपृष्ठ. चित्रकाराचं सगळं लक्ष उजव्या भागावर असतं आणि घोळ होतो तो मधल्या सेंटिमीटरभर पट्टीत.

अंक 240 पानी धरा. म्हणजे 120 पत्रे. 70 जीएसएम (चौरस मीटरला 70 ग्रॅम) मॅपलिथोचा, म्हणजे बिनचकाकीच्या साध्या छपाईच्या कागदाचा, एक पत्रा साधारण 0.09 मिमी जाड असतो, म्हणून आतला गठ्ठा 10.8 मिमी. त्यात 300 जीएसएम कव्हरच्या दोन बाजूंचे साधारण 0.6 मिमी मिळवले की कणा 11.4 मिमीच्या आसपास येतो. अंकाचा आकार 184 बाय 241 मिमी असेल, तर दोन पानं, कणा आणि चारही कडांना 3 मिमी ब्लीड (कापून टाकायचा जादा रंग) धरून कव्हरची फाइल 385.4 बाय 247 मिमीची हवी.

हे गणित बिघडवतात शेवटच्या आठवड्यात आलेल्या जाहिराती. सोळा पानांचा एक फॉर्म वाढला की कणा 0.7 मिमीने फुगतो, दोन वाढले की जवळजवळ दीड मिमीने. कव्हर आधीच छापून झालेलं असेल, तर कण्यावरची अक्षरं एका बाजूला सरकतात आणि मुखपृष्ठाच्या रंगाची कड कण्यावर डोकावते. जीएसएम म्हणजे वजन, जाडी नव्हे; त्याच वजनाचा आर्ट पेपर मॅपलिथोपेक्षा पातळ भरतो. म्हणून प्रत्यक्ष वापरायच्या कागदाचे शंभर पत्रे दाबून मोजावेत, किंवा बाइंडरकडून कोऱ्या कागदाची डमी बांधून घ्यावी. तेवढा वेळ नसेल तर निदान कण्याच्या घडीवर रंगाची सरळ कड ठेवू नये, मुखपृष्ठाचाच रंग कण्यावरून मागे न्यावा. परफेक्ट बाइंडिंगमध्ये (पानं कण्याला गोंदाने चिकटवतात ती बांधणी) कण्यालगतचे पाच-सात मिमी क्रीझमध्ये, म्हणजे घडीच्या खाचेत, जातात, त्यामुळे अगदी मधोमध बसवलेला चेहरा हातात डावीकडे सरकल्यासारखा दिसतो. तो तीनेक मिमी उजवीकडे घ्यावा. कव्हरच्या आतल्या बाजूला मात्र कण्याची आणि बाजूच्या गोंदाची पट्टी कोरी ठेवायची. तिथे शाई किंवा लॅमिनेशन आलं की गोंद धरत नाही.

दुसरी नेहमीची तक्रार झेंडूची. पडद्यावर पेटल्यासारखा दिसणारा केशरी कागदावर मातकट का होतो? पडदा प्रकाश फेकतो, शाई मात्र प्रकाश गिळते. छपाईच्या चार शाया म्हणजे सायन (निळसर), मॅजेंटा (गुलाबी-जांभळट), पिवळी आणि काळी. केशरी पिवळ्या आणि मॅजेंटा शाईतून तयार होतो. त्यात पाच-दहा टक्के सायन मिसळला तरी तो नेमका लाल प्रकाश शोषतो आणि फूल मळकं दिसतं. पडद्याच्या लाल-हिरव्या-निळ्या रंगांतली (आरजीबी) फाइल या चार शायांत आपोआप बदलून घेतली की हा सायन चोरपावलांनी येतो. पाकळ्यांच्या उजळ भागातून तो काढून टाकावा, सावलीत राहू द्यावा. मॅजेंटा 50 ते 60 आणि पिवळा 100 ही चांगली सुरुवात आहे. याउपरही पडद्याइतका लखलखीतपणा चार रंगांत मिळत नाही. हट्टच असेल तर पाचवा खास रंग घ्यावा.

रात्रीच्या आकाशासाठी नुसती काळी शाई करडी पडते. सायन 60, मॅजेंटा 40, पिवळा 40, काळा 100 असं मिश्रण घ्यावं. बेरीज 240 होते. तीनशेच्या वर गेलात की शाई वाळत नाही, वरच्या कागदाच्या पाठीला डाग पडतात, लॅमिनेशनखाली फुगे येतात. या गडद काळ्यातून बारीक पांढरी अक्षरं काढू नयेत. प्लेटा दशांश मिमीने हलल्या तरी अनुस्वार बुजतात.

शीर्षकाचंही तसंच. इंग्रजी मासिकांत व्यक्तीचं डोकं नावाच्या अक्षरांवर सर्रास चढवतात, वाचक उरलेल्या भागावरून नाव ओळखतो. देवनागरीत डोक्याखाली वेलांटी किंवा रफार गेला तर शब्दच बदलतो, म्हणून झाकायचंच असेल तर शिरोरेषेखालचा, तोही मात्रा नसलेला भाग झाकावा.

'आवाज' या दिवाळी अंकाने लोकप्रिय केलेली खिडकीचित्रं, म्हणजे पानात कापलेल्या खिडकीतून आतलं चित्र दाखवणारी, हा याहून नाजूक प्रकार. डाय (खिडकी कापणारा साचा) आणि बाइंडिंग मिळून मिलिमीटरभर चूक सहज होते, म्हणून खिडकीतून दिसणारा आतला रंग चारही बाजूंनी दोन-तीन मिमी जास्त पसरवावा लागतो.

बारकोड केशरी जमिनीवर काळ्या रेघांनी छापला तर चालतो. लाल रेघा मात्र स्कॅनरच्या लाल प्रकाशात पांढऱ्याच दिसतात. शेवटी कार्डाचे तंतू कण्याला समांतर आहेत ना, हे कटिंगपूर्वी पाहावं. आडवे असतील तर कण्यावर शाई तडकते आणि दमट हवेत कव्हर वाकडं होतं.