कोंबडा खुडूक होत नाही

"आमचा कोंबडा खुडूक झालाय हो, सकाळपासून टोपलीत बसून खुडखुडतोय." या पावसाळ्यात हे वाक्य मी तीनदा ऐकलं. पहिल्या दोन वेळा हसून सोडून दिलं. तिसऱ्या वेळी सुदामा नगरातल्या एका काकूंच्या भाच्याने त्या बिचाऱ्या कोंबड्याला "उतरवायला", म्हणजे त्याचा खुडूकपणा मोडायला, गार पाण्याच्या बादलीत बुडवून काढलं, म्हणून लिहायला बसलो.

खुडूक कोंबडी काय असते हे नव्याने सांगायला नको. अंडी उबवायला बसलेल्या कोंबडीला आपण खुडूक म्हणतो, इंदुरात हिंदीवाले कुडक म्हणतात. प्रोलॅक्टिन नावाचं संप्रेरक वाढतं, अंडी बंद होतात, तुरा फिका पडतो, छातीखालची पिसं गळून कातडी उघडी होते आणि बाई टोपलीत ठाण मांडतात. दिवसातून एखाद्या वेळी उठायचं, घाईघाईने दाणापाणी करायचं, एक भलीमोठी घाण वासाची शीट टाकायची आणि परत जागेवर. खाली अंडी असतील तर २१ दिवसांनी पिल्लं. नसतील तरी ती बसतेच.

आता कोंबडा. तोही टोपलीत जातो, तोही बसतो, इथवर काकूंचं बरोबर आहे. पण तो अंड्यांसाठी बसत नाही, जागा दाखवायला बसतो. आमचा लाल्या हे करतो ते मी कित्येकदा खुराड्याबाहेर पाटावर बसून पाहिलंय. आधी तो टोपलीत मान घालून बघतो. मग आत शिरून बूड टेकतो, पायाने पेंढा मागे सारतो, छातीने दाबत गोल फिरतो, चोचीने एखादी काडी उचलून पाठीवर टाकतो. हे सगळं करताना खालच्या पट्टीत भराभर टुक्-टुक्-टुक् चालू असतं. अंड्यावर येत चाललेली एखादी तलंग, म्हणजे तरुण कोंबडी, मान वाकडी करून जवळ येते. ती आत डोकावली की लाल्या उठून बाहेर. पाच-दहा मिनिटांचा खेळ. घरमालक भाडेकरूला खोली दाखवतो, तसंच.

गोंधळ होतो तो या आवाजामुळे. दाणा सापडल्यावर कोंबडा माद्यांना बोलावतो तो आवाज जवळपास हाच, आणि कोंबडी पिल्लांना चारते तेव्हाचा आवाजही याच घराण्यातला. त्यामुळे टोपलीतून टुक्-टुक् आलं की आपल्या डोक्यात लगेच "खुडूक". पण खरी खुडूक कोंबडी टोपलीत असताना बहुतेक गप्प असते. डोळे अर्धवट, पिसं पसरून चपटी, जणू समाधी लागलीय. हात नेला तर फुगून गुरगुरते, टोचते. तिचं ते संथ, सुटं सुटं क्लक्... क्लक्... ऐकू येतं ती टोपलीबाहेर फिरत असताना. अपवाद फक्त शेवटच्या एक-दोन दिवसांचा, तेव्हा अंड्यातल्या चिवचिवीला ती बसल्या जागेवरून उत्तर देते. म्हणजे टोपलीत बसून बडबड करणारा जो कोणी आहे, त्याच्यावर खुडूकपणाचा संशय सर्वांत कमी घ्यायचा. लोक नेमकं उलटं करतात.

तरीही खात्री हवी असेल तर रात्री दहाला टॉर्च घेऊन खुराड्यात जा. कोंबडा दांडीवर असेल. खुडूक कोंबडी टोपलीतच असेल.

कोंबड्याला टोपलीतून हाकलू नका, हे मी स्वतः चूक करून शिकलो. पेंढा विस्कटतो म्हणून लाल्याला सारखा हुसकत होतो. त्या महिन्यात नव्या तलंगांनी अंडी कुठे घातली? एकीने कूलरच्या मागे, दुसरीने स्कूटरच्या कव्हरखाली. लाल्याला मोकळीक दिली, टोपलीत नकली अंडं म्हणून टेबल टेनिसचा एक चेंडू ठेवला, आठवड्यात दोघी टोपलीत यायला लागल्या. श्रेय चेंडूचं की लाल्याचं, यावर घरात अजून वाद आहे. चार-पाच कोंबड्यांना एक टोपली पुरते. जास्त ठेवल्या तरी सगळ्या एकाच टोपलीसाठी रांग लावणार.

"कोंबडा नसेल तर अंडी कशी येतील?" असंही लोक विचारतात. येतात. पिल्लं येत नाहीत, एवढंच.

सगळ्याच कोंबड्या सारख्या बसत नाहीत, हेही ध्यानात असू द्या. झाबुआच्या कडकनाथच्या मांसाला २०१८ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं, तेव्हापासून माझ्या ओळखीतल्या दोन-तीन घरांत कडकनाथ आली, आणि सगळ्यांची तक्रार एकच, बसत नाही. ती बसण्यात कच्चीच. तिची अंडी गावठी किंवा असील जातीच्या कोंबडीखाली ठेवा. लेगहॉर्न जातीचा तर बसण्याचा गुणच पिढ्यानपिढ्या निवडीतून काढून टाकलाय.

खुडूक मोडायची असेल तर बादली नको, आणि नाकात पीस खुपसणं तर मुळीच नको; तो जुना उपाय सांगणाऱ्याच्या नाकात आधी घालून बघावा. जाळीचा तळ असलेला पिंजरा जमिनीपासून उचलून ठेवा, आत पेंढा नाही, दाणापाणी भरपूर. खालून वारा लागून पोट गार पडतं, तीन-चार दिवसांत बहुतेक उतरतात.

एक मात्र हसण्यावारी नेऊ नका. टोपलीत सारखी ये-जा करणारी, शेपूट वरखाली हलवत जोर करणारी, पाठ ताठ करून उभी राहणारी कोंबडी खुडूक नसते. तिचं अंडं अडकलेलं असू शकतं, आणि तिला त्याच दिवशी जनावरांच्या डॉक्टरकडे न्यायचं असतं. काकूंच्या भाच्याला मी हे दोनदा म्हणून दाखवायला लावलं. मग त्याने विचारलं, "आणि आता आमचा कोंबडा टोपलीत गेला तर?" म्हटलं, ताजा पेंढा घाल आणि बाजूला हो.