व्हेनिसची दुकानदारी आणि पर्यटन

उत्तर इटलीत एड्रिॲटिक समुद्राच्या खारकच्छातील बेटांवर वसलेल्या व्हेनिस शहरात गेल्या पन्नासेक वर्षांत दुकाने मुळापासून बदलली. वाणी, खाटीक, बेकरी, चांभार, शिंपी, लोखंडी सामानाचे दुकान अशी रोजच्या गरजेची दुकाने एकेक करून उठली. त्यांच्या गाळ्यांत मुखवटे, काचेचे दागिने, चालता चालता खायचे पदार्थ आणि चैनीचे ब्रँड आले. जगातल्या अनेक ऐतिहासिक शहरांत हे घडते आहे, पण व्हेनिसइतके ठळक आणि इतके लवकर क्वचितच कुठे घडले असेल. त्यामुळे या विषयावरची चर्चा बहुधा याच शहरापासून सुरू होते.

लोकसंख्येचा आकडा समजून घेतल्याशिवाय दुकानांची गोष्ट उलगडत नाही. १९५१ मध्ये ऐतिहासिक व्हेनिसमध्ये, म्हणजे बेटांवरच्या जुन्या शहरात, सुमारे १ लाख ७५ हजार लोक राहत होते. नोव्हेंबर २००९ मध्ये संख्या ६० हजारांखाली गेल्यावर रहिवाशांनी ग्रँड कालव्यातून शवपेटी नेऊन शहराची प्रतीकात्मक अंत्ययात्रा काढली. ऑगस्ट २०२२ मध्ये ५० हजारांची पायरीही सुटली. रिआल्टो पुलाजवळच्या सान बार्तोलोमेओ चौकातील एका औषधाच्या दुकानाने २००८ पासून काचेआड विजेचा फलक लावला आहे. त्यावर शहरात उरलेल्या रहिवाशांचा आकडा दिसतो. शहराला वर्षाकाठी भेट देणाऱ्यांचा अंदाज मात्र दोन कोटींच्या वर सांगितला जातो. त्यांतले बहुसंख्य सकाळी येऊन संध्याकाळी परततात.

मूळचे व्हेनिस हे व्यापाऱ्यांचेच शहर. रिआल्टोला घाऊक बाजार आणि सावकारी पेढ्या होत्या. तिथून सान मार्को या मुख्य चौकाकडे जाणाऱ्या मेर्चेरिए या गल्ल्यांत कापड आणि किनखापाची दुकाने असत. फ्रेत्सेरियात बाण, स्पादारियात तलवारी, तर काल्ले देई फाब्री या गल्लीत लोहारकाम चाले. पाट्या आजही त्याच आहेत. म्हणजे धंदे बदलणे व्हेनिसला नवे नाही. तलवारींची गरज संपली तेव्हा तलवारीचे दुकानही गेले. मात्र त्या वेळी एका रहिवाशाच्या गरजेची जागा दुसऱ्या रहिवाशाच्या गरजेने घेतली होती. आता रहिवाशाची गरज तशीच आहे आणि दुकान गेले आहे. या नोंदीतील बदलाचे वेगळेपण यातच आहे.

याचे खापर पुष्कळदा दुकानदाराच्या लोभावर फोडले जाते आणि ते अन्यायाचे आहे. खिळे-बिजागऱ्या विकणाऱ्याचे गिऱ्हाईक बांधलेले असते. ते वर्षभर येते, उधारी ठेवते, माल वाईट निघाला तर परत आणून देते. त्या गल्लीतली घरे पर्यटकांना भाड्याने गेली की गिऱ्हाईक घटते. घरमालक किंवा त्याचे वारस नव्या करारात जे भाडे मागतात, ते बिजागऱ्या विकून निघत नाही. व्हेनिसमध्ये मोटारी नाहीत. सगळा माल होडीने येतो आणि पुलांच्या पायऱ्यांवरून हातगाडी ओढत दुकानात न्यावा लागतो. म्हणून वजनदार आणि स्वस्त माल विकणारा आधी मरतो, तर हलक्या, छोट्या आणि भरपूर नफ्याच्या वस्तू विकणारा तगतो. पर्यटकाला नेमक्या अशाच वस्तू हव्या असतात, कारण त्या बॅगेत बसल्या पाहिजेत. शिवाय तो एकदाच येतो, त्यामुळे मालाच्या दर्जावर दुकानाची पत अवलंबून राहत नाही.

कायद्यानेही हात लावला. इटलीत पूर्वी दुकानाचे परवाने मालाच्या प्रकारानुसार दिले जात. १९९८ च्या व्यापार-सुधारणेने, म्हणजे बेर्सानी या मंत्र्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या हुकमाने, असे चौदा प्रकार मोडून खाद्य आणि अखाद्य असे दोनच ठेवले. लहान दुकान उघडायला परवान्याऐवजी नुसती सूचना पुरेशी झाली. स्पर्धा वाढावी हा हेतू होता, आणि इतर शहरांत त्याचा ग्राहकाला फायदाही झाला असेल. व्हेनिसमध्ये मात्र त्यामुळे लोखंडी सामानाच्या गाळ्यात रातोरात मुखवटे टांगण्याची वाट मोकळी झाली आणि नगरपालिकेच्या हातातला लगाम सुटला.

मुखवट्यांचे प्रकरण थोडे तपशिलाने पाहण्यासारखे आहे, कारण पर्यटन म्हणजे फक्त नुकसान हे सोपे मत तिथे टिकत नाही. १७९७ मध्ये नेपोलियनपुढे व्हेनिसचे प्रजासत्ताक कोसळले आणि त्यानंतर तिथला कार्निव्हल, म्हणजे मुखवटे घालून साजरा होणारा उत्सव, हळूहळू लोपला. मुखवटे करणाऱ्यांचा धंदाही जवळजवळ संपला. १९७० च्या दशकाच्या अखेरीस तरुण कारागिरांनी आणि नाट्यवेड्यांनी तो पुन्हा उभा केला आणि १९८० च्या सुमारास कार्निव्हल पुन्हा भरू लागला. पाहुण्यांच्या पैशाशिवाय हे पुनरुज्जीवन टिकले नसते. कारागीर आधी मातीत चेहरा घडवतो, त्यावरून प्लास्टरचा साचा काढतो, साच्यात आतून सरसाने भिजवलेल्या कागदाचे तुकडे बोटांनी दाबत थरावर थर बसवतो. ते वाळले की मुखवटा सोडवायचा, डोळे कापायचे, पांढरा लेप द्यायचा, घासायचा, मग रंग आणि शेवटी मेण किंवा वार्निश. वाळण्याचा वेळ धरला तर एका मुखवट्याला काही दिवस जातात. नंतर साच्यात ओतलेले प्लास्टिकचे मुखवटे बाहेरून आले, किमतीच्या एका अंशात, आणि लांबून तसेच दिसणारे. ज्या गर्दीने ही कला जगवली तिनेच तिला कोंडीत पकडले. आज हाताने मुखवटे करणाऱ्या कार्यशाळा मोजक्या उरल्या आहेत, आणि माल इथेच बनतो असे त्यांना काचेवर लिहून सांगावे लागते.

मुरानोच्या काचेची आणि बुरानोच्या लेसची गत अशीच आहे. आगीच्या भीतीने १२९१ मध्ये काचभट्ट्या मुरानो बेटावर हलवल्या गेल्या आणि काचकामाची विद्या तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहिली. स्वस्त आयात काच मुरानोच्या नावाने खपू लागली, तेव्हा व्हेनेतो प्रांताने १९९४ मध्ये कायदा करून अस्सल मालासाठी बोधचिन्ह ठरवले. पण चिन्ह शोधून घेणारे गिऱ्हाईक थोडेच. बुरानोत सुईने विणलेल्या लेसचे वेगवेगळे टप्पे वेगवेगळ्या बायका करत, एकेक टाक्यात तरबेज असलेल्या. इतके तास देऊन केलेल्या कामाची किंमत दिवसाच्या सहलीला आलेला माणूस देत नाही, म्हणून बेटावरच्या दुकानांत बहुतेक लेस यंत्राची असते.

मोठ्या वास्तूंचेही तेच झाले. स्त्रादा नोव्हा रस्त्यावरचे तेआत्रो इतालिया हे विसाव्या शतकाच्या सुरुवातीचे चित्रपटगृह २०१६ च्या अखेरीस सुपरमार्केट झाले. भित्तिचित्रे जपली आहेत आणि त्यांच्याखाली दही-दुधाचे कपाट आहे. याला मी सरसकट वाईट म्हणणार नाही, निदान तिथे रहिवाशाला बटाटे मिळतात. रिआल्टोजवळचे फोन्दाको देई तेदेस्की हे उदाहरण अधिक बोचते. १२२८ पासून जर्मन व्यापाऱ्यांची वखार, आगीनंतर सोळाव्या शतकाच्या प्रारंभी नव्याने बांधलेली, विसाव्या शतकात शहराचे मुख्य टपाल कार्यालय. २००८ मध्ये बेनेटन समूहाने ती विकत घेतली आणि २०१६ मध्ये तिथे चैनीच्या वस्तूंचे बहुमजली दुकान उघडले. २०२५ मध्ये तेही बंद झाले. टपाल कार्यालयासाठी रोज त्या चौकात येणारी माणसे मात्र आधीच पांगली होती.

एक दुकान उठले की शेजारच्याचेही गिऱ्हाईक कमी होते, हे रिआल्टोच्या मासळी बाजारात नीट दिसते. १९०७ च्या कमानींखाली हा बाजार भरतो. जवळच भिंतीवर संगमरवराची जुनी पाटी आहे. कोणता मासा किती लांबीपेक्षा लहान असेल तर विकू नये, हे तिच्यावर कोरलेले आहे. पण फोटो काढणारे वाढले आणि मासे विकत घेणारे घटले. हॉटेलातला किंवा होडीवरचा पाहुणा मासळी घेऊन काय करणार? ओटे कमी होत गेले, आणि मासळीच्या निमित्ताने भाजी, चीज, पाव घेणारेही कमी झाले. म्हाताऱ्या माणसाला याचा अर्थ पुलांच्या पायऱ्या चढून जास्त लांब पिशवी वाहणे असा होतो. मग मुले त्यांना मेस्त्रेला, मुख्य भूमीवर, घेऊन जातात. व्हेनिसच्या हिशेबातून आणखी एक घर वजा होते.

बार्सिलोनात कारण थोडे वेगळे होते. तिथे जुन्या गोठवलेल्या भाड्यांवर, मुंबईतल्या पागडीच्या गाळ्यांसारखीच, अनेक पिढीजात दुकाने उभी होती. १९९४ च्या कायद्याने दिलेली वीस वर्षांची मुदत ३१ डिसेंबर २०१४ ला संपली आणि त्यांतली अनेक बंद पडली. लिस्बनने २०१५ पासून ऐतिहासिक दुकानांची यादी करून त्यांना संरक्षण द्यायला सुरुवात केली. ॲम्स्टरडॅमने २०१७ मध्ये शहराच्या मध्यभागी केवळ पर्यटकांसाठी असलेली नवी दुकाने उघडण्यास बंदी घातली, आणि चीज विकणाऱ्या एका साखळीने आव्हान दिल्यावर न्यायालयाने बंदी उचलून धरली.

व्हेनिसनेही २०१७ मध्ये नव्या टेकअवे दुकानांना मनाई केली. २०२१ पासून इटलीच्या सरकारने महाकाय क्रूझ जहाजांना शहरालगतचा जुदेक्का कालवा बंद केला आणि पालिकेने २५ एप्रिल २०२४ पासून ठरावीक दिवशी दिवसापुरत्या येणाऱ्यांकडून पाच युरो प्रवेशशुल्क सुरू केले. या उपायांनी दुकानांची घसरण थांबलेली नाही, आणि त्याचे कारण उघड आहे: ते सगळे येणाऱ्यांवर आणि गाळ्यांवर आहेत, राहणाऱ्यांच्या घरांवर नाहीत. २०२३ मध्ये रहिवाशांच्या गटांनी मोजणी केली तेव्हा पर्यटकांसाठीच्या खाटा शहरातल्या माणसांपेक्षा जास्त भरल्या. अल्पकाळ भाड्याने दिल्या जाणाऱ्या घरांवर मर्यादा घालण्याचा अधिकार २०२२ मध्ये इटलीच्या संसदेने व्हेनिसला दिला. खरी किल्ली तीच आहे, आणि ती वापरावी यासाठी रहिवाशांचे गट आजही पालिकेचा पाठपुरावा करत आहेत. जिथे लोक अजून राहतात, म्हणजे शहराच्या पूर्वेकडच्या कास्तेल्लो भागातला व्हिया गारिबाल्दी रस्ता किंवा जुदेक्का बेटाचे काही भाग, तिथे बेकरी, लोखंडी सामान आणि भाजीची दुकाने कोणत्याही खास संरक्षणाशिवाय चालू आहेत.