मासा आजारी दिसतोय? औषधाआधी पाणी तपासा

आमच्याकडे येणारे बरेच ग्राहक दारातूनच विचारतात, "मासा खात नाही, कोणतं औषध देऊ?" आम्ही लगेच बाटली काढून देत नाही, उलट टाकीबद्दल दहा प्रश्न विचारतो. आम्ही असं का करतो, ते सांगायला हे पत्रक.

मासा ज्या पाण्यात श्वास घेतो, त्याच पाण्यात त्याची विष्ठा पडते आणि उरलेलं खाणं कुजतं. ते पाणी बिघडलं तर त्याला पळायला दुसरी जागा नसते. धुराने भरलेल्या खोलीत कुणी खोकत असेल तर आपण त्याला आधी बाहेर काढतो, खोकल्याचं औषध नंतर बघतो. माशाला बाहेर काढता येत नाही, म्हणून त्याचं पाणी सुधारायचं. आमच्याकडे येणाऱ्या तक्रारींपैकी बऱ्याच तिथेच मिटतात.

दिसत नाही ते विष

माशाच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून अमोनिया बाहेर पडतो. फिल्टरच्या स्पंजवर आणि खड्यांवर राहणारे काही जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे जिवाणू नायट्राइटचं नायट्रेट करतात. पहिले दोन्ही पदार्थ विषारी, तिसरा बराच सौम्य. नव्या टाकीत हे जिवाणू पुरेसे वाढायला साधारण 4 ते 6 आठवडे लागतात. टाकी आणली, पाणी भरलं आणि त्याच दिवशी दहा मासे सोडले, तर दुसऱ्या आठवड्यात मासे मरू लागतात ते यामुळेच. पाणी मात्र तेव्हाही काचेसारखं स्वच्छ दिसत असतं.

अमोनियाचा त्रास पीएचवर, म्हणजे पाणी किती आम्ल किंवा अल्कधर्मी आहे त्यावर, फार अवलंबून असतो. 25 अंश तापमानात आणि 7 पीएचला एकूण अमोनियापैकी जेमतेम अर्धा टक्का घातक रूपात असतो. पीएच 8 झाला की तोच वाटा 5 टक्क्यांच्या वर जातो. चाचणीत आकडा तोच येतो, पण विष जवळपास नऊपट झालेलं असतं. म्हणून फक्त अमोनियाचा आकडा सांगू नका, पीएचही सांगा.

नायट्राइट रक्तात शिरलं की रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद जाते आणि कल्ले तपकिरी दिसू लागतात. एअर पंप जोरात चालू असूनही मासा पृष्ठभागावर तोंड उघडून धापा टाकत असेल, तर ही शक्यता आधी तपासा.

पहिल्या तासात

पाण्याचा अमोनिया, नायट्राइट आणि पीएच मोजा. पहिले दोन्ही आकडे शून्य हवेत. ते चढलेले असतील तर एक तृतीयांश ते अर्धं पाणी बदला. नवं पाणी टाकीतल्या पाण्याइतकंच कोमट हवं आणि नळाचं असेल तर क्लोरीन काढणारं द्रावण घातलेलं हवं. पाणी रात्रभर उघडं ठेवलं की साधं क्लोरीन बरंच उडून जातं, क्लोरामाइन (क्लोरीन आणि अमोनियाचं संयुग) मात्र जात नाही. हवा वाढवा, खाणं बंद करा. धडधाकट मोठा मासा काही दिवस उपाशी सहज राहतो. न खाल्लेले दाणे मात्र कुजून पुन्हा अमोनियाच करतात.

एक अपवाद नीट लक्षात ठेवा. टाकीतलं पाणी महिनोन्महिने बदललेलं नसेल तर एकदम अर्धं बदलू नका. अशा जुन्या पाण्याचा पीएच उतरलेला असतो, त्यामुळे साचलेला अमोनिया निरुपद्रवी रूपात पडून असतो. ताजं पाणी ओतून पीएच झटकन वर गेला की तोच अमोनिया काही मिनिटांत विषारी होतो. तिथे रोज दहा-पंधरा टक्केच पाणी बदलत जा.

पाणी ठीक, तरी मासा आजारी

अंगावर मिठाचे कण चिकटल्यासारखे पांढरे ठिपके दिसले, मासा खड्यांना अंग घासू लागला, तर तो पांढऱ्या ठिपक्यांचा रोग. ठिपक्यात परजीवी असतो, पण तो माशाच्या त्वचेखाली असतो आणि तिथे औषध पोहोचत नाही. तो गळून तळाशी जातो, त्याचे शेकडो तुकडे होतात आणि ते नवा मासा शोधत पोहतात. औषध मारतं ते या पोहणाऱ्यांना. म्हणून ठिपके गेले की लोक औषध थांबवतात, ती घाई महागात पडते. डबीवर लिहिलेले सगळे दिवस पूर्ण करा.

तोंडाभोवती किंवा अंगावर कापसासारखं पांढरं दिसलं की लगेच बुरशी समजू नका. तसाच दिसणारा एक जिवाणूजन्य रोग आहे, तो पाणी गरम केल्याने अधिक भडकतो. फोटो दाखवा, मगच ठरवू. पर झिजू लागले असतील तर बहुतेक वेळा पाणी खराब किंवा दुसरा मासा चावतोय. पोट फुगून खवले सुट्या पाकळ्यांसारखे उभे राहिले असतील, तर आतले अवयव निकामी होत असतात. तेव्हा आम्ही खोटी आशा दाखवत नाही, अशातून फार थोडे मासे वाचतात.

औषध शक्यतो वेगळ्या छोट्या टाकीत द्या. मिथिलीन ब्लू हे निळं औषध मुख्य टाकीत घातलं तर फिल्टरमधले उपयोगी जिवाणूही मारतं. तांब्याचं औषध झिंगे आणि गोगलगायींना घातक. फिल्टरमध्ये कोळसा असेल तर आधी काढा, नाहीतर औषध तोच शोषून घेईल. मात्रा टाकीच्या मापावर काढा: लांबी, रुंदी आणि पाण्याची उंची सेंटिमीटरमध्ये गुणून 1000 ने भागा. 60 बाय 30 च्या टाकीत 25 सेंटिमीटर पाणी म्हणजे 45 लिटर. खडे जागा घेतात, त्यामुळे प्रत्यक्षात त्याहून थोडं कमीच धरा.

दर आठवड्याला

25 टक्के पाणी बदला, खड्यांतला गाळ नळीने ओढून काढा. फिल्टरचा स्पंज नळाखाली कधीच धुऊ नका, क्लोरीनने त्यातले उपयोगी जिवाणू मरतात. टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळा, तोही चकाचक होईपर्यंत नाही. आम्ही कळकळीने सांगूनही ही चूक सगळ्यांत जास्त होते. खाणं दोन मिनिटांत संपेल इतकंच. नवा मासा निदान दोन आठवडे वेगळा ठेवून मगच इतरांत सोडा. हाताला जखम असेल तर हातमोजे घालूनच टाकीत हात घाला.

आमच्याकडे येताना स्वच्छ बाटलीत टाकीतलं पाणी काठोकाठ भरून, बूच घट्ट लावून त्याच दिवशी आणा. टाकीचं माप, माशांची संख्या, शेवटचं पाणी कधी बदललं ते लिहून आणा आणि आजारी माशाचा एक व्हिडिओ काढा. मासा पिशवीत घालून आणू नका, त्या प्रवासानेच तो अधिक खचतो.