चक्री गोळाफेक
चक्री गोळाफेक : गोळाफेकीचे एक तंत्र. खेळाडू फेकीच्या दिशेला पाठ करून उभा राहतो आणि थाळीफेकीप्रमाणे सुमारे दीड गिरकी घेऊन गोळा ढकलतो.

तंत्राच्या जनकत्वाबद्दल एकमत नाही. अमेरिकेत ब्रायन ओल्डफील्ड यांचे नाव घेतले जाते. १९७५ मध्ये एल पासो येथे त्यांनी २२.८६ मी. फेक केली, पण ते व्यावसायिक खेळाडू असल्याने तिला विश्वविक्रमाची मान्यता मिळाली नाही. सोव्हिएत खेळाडू अलेक्झांडर बारिश्निकोव्ह हे प्रशिक्षक व्हिक्टर अलेक्सेयेव्ह यांच्या हाताखाली १९७२ च्या सुमारासच गिरकी घेऊन गोळा फेकत होते. १० जुलै १९७६ रोजी पॅरिस येथे त्यांनी २२.०० मी. हा विश्वविक्रम केला. त्यापूर्वीही कोणी गिरकी घेऊन पाहिली असावी. मात्र स्पर्धेत रुळलेले तंत्र म्हणून अग्रक्रम बारिश्निकोव्ह यांना देणे अधिक सयुक्तिक वाटते.

थाळीफेकीचे रिंगण २.५० मी. व्यासाचे, तर गोळाफेकीचे अवघे २.१३५ मी. असते. त्यात गोळा मानेलगत, म्हणजे गिरकीच्या आसाजवळ राहतो. त्यामुळे नुसते गरगर फिरून गोळ्याला फारसा वेग मिळत नाही; रिंगणाच्या मध्याकडे झेपावताना तर तो उलट मंदावतो. २२ मी. फेकीसाठी सुटताना सेकंदाला सुमारे १४ मी. वेग लागतो, आणि त्यातला बहुतेक शेवटच्या ढकलीत येतो. गिरकीचे खरे काम त्या ढकलीसाठी कमरेत पीळ साठवणे हे आहे.

म्हणून सुधारणेची सुरुवात रिंगणाच्या मागच्या कडेपासून करावी. उजव्या हाताच्या खेळाडूने आधी भार डाव्या पायाच्या चवड्यावर पूर्ण घ्यावा, मगच उजवा पाय रुंद फिरवावा. घाईत डावा खांदा आधी उघडला, की तोल जातो आणि पुढे कितीही जोर लावला तरी तो भरून निघत नाही. मध्यावर उजवा पाय चवड्यावर उतरून फिरतच राहिला पाहिजे. टाच टेकली की कंबर अडते आणि साठवलेला पीळ सुटतो. डावा पाय लगोलग पुढच्या लाकडी फळीजवळ रोवला गेला पाहिजे. तो उशिरा आला, तर खांदे कमरेला गाठतात व फेक नुसत्या हाताची होते. पायांची ही लय गोळा हाती न घेता, खांद्यांवर काठी धरून घोटता येते. काठी कमरेच्या पुढे गेलेली चटकन दिसते. गोळा हाती असताना ही चूक सहसा ध्यानात येत नाही.

गिरकी न घेता रिंगणातून सरळ रेषेत घसरत फेकण्याचे तंत्र चक्री तंत्रामुळे लगेच मागे पडले नाही. पोलंडचे टोमाश मायेव्स्की यांनी २००८ व २०१२ ची ऑलिंपिक सुवर्णपदके घसरण्याच्या तंत्रानेच जिंकली. पुरुषांचा विश्वविक्रम मात्र अमेरिकेचे रँडी बार्न्स (२३.१२ मी., १९९०) यांच्यापासून चक्री तंत्राकडे आहे. अमेरिकेचेच रायन क्राउझर यांनी तो २०२३ मध्ये २३.५६ मी. वर नेला. महिलांमध्ये हे तंत्र उशिरा रुजले.